दिवाणजींना विचारू नये

कोल्हापुरात मोटारपंप, पाईप आणि ठिबकचे साहित्य विकणारे आपले दुकान असेल, गिऱ्हाईक शिरोळपासून राधानगरीपर्यंत पसरलेले असेल आणि त्या सगळ्यांची नोंद एका लाल वहीत व गल्ल्याशेजारी वर्षानुवर्षे बसणाऱ्या दिवाणजींच्या डोक्यात असेल, तर ग्राहकनोंदीचे सॉफ्टवेअर आपण आता घेतलेच पाहिजे. ते नेमके कशासाठी घ्यायचे, हा प्रश्न मात्र पैसे भरून होईपर्यंत मनात येऊ देऊ नये. हा प्रश्न पडला की माणूस उत्तर शोधू लागतो आणि तोवर वर्षअखेरची सवलत निघून जाते.

विक्री प्रतिनिधीची बैठक दिवाणजी जेवायला गेलेले असताना ठरवावी. प्रतिनिधी पडद्यावर जी नमुन्याची यादी दाखवतो, तीत प्रत्येक ग्राहकाला नाव, आडनाव, ईमेल आणि हुद्दा असतो. अशी गिऱ्हाइके आपल्या दुकानात आजवर कधी का आली नाहीत, याची खंत करू नये. दिवाणजी तेथे असते, तर एकाच गावातील एकाच नावाचे तीन पाटील हे यंत्र वेगळे कसे ओळखणार, असे काहीतरी विचारून त्यांनी रंगाचा बेरंग केला असता. त्यापेक्षा रंगीत आलेख पाहावेत, प्रतिनिधीला तांबडा-पांढरा खाऊ घालावा आणि व्यवहार पक्का करावा.

दर प्रत्येक वापरकर्त्यामागे दरमहा सांगितला जातो, आकारणी मात्र बहुधा वर्षाची एकदम होते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. हा गुणाकार बैठकीत करणे अशिष्ट दिसते. संगणकाला हात लावणारी माणसे दोन असतील तर पाच जणांचे परवाने घ्यावेत. धंदा वाढणार आहे, असे प्रतिनिधीनेच सांगितलेले असते.

खरी मौज वही संगणकात उतरवताना येते. अनेक सॉफ्टवेअरमध्ये आडनावाचा रकाना भरल्याशिवाय नोंद जतन होत नाही आणि आपल्या वहीत तर ‘विहिरीवरचे अण्णा, कागल’ असे लिहिलेले असते. अशा वेळी नोंदी भरणारा मुलगा आडनावाच्या जागी एक टिंब देतो व पुढे जातो. त्याला अडवू नये. काही दिवसांत आपल्याकडे टिंब आडनावाचे एक मोठे घराणे तयार होते. एक्सेलच्या पत्रकातून जुने दूरध्वनी चढवले तर ०२३१ मधले शून्य वाटेतच गळते, आणि ग्राहकाची ओळख मोबाईल क्रमांकावरून ठरत असेल तर वडिलांनी दिलेला मुलाचा क्रमांक ग्राह्य धरून पंपाच्या सर्व्हिसिंगची आठवण थेट हिंजवडीला पोहोचते. भावाभावांनी एकच क्रमांक दिला असेल, तर आजवर कोणाला न जमलेली त्यांची दिलजमाई सॉफ्टवेअर एका क्षणात करून टाकते.

उधारीच्या स्मरणपत्रांची सोय तर अवश्य घ्यावी. या जिल्ह्यातील उधारी उसाच्या बिलावर चालते, हे दिवाणजींना ठाऊक आहे. ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरीही कोणत्या कारखान्याचे बिल कधी जमा होते, हे पाहूनच ते फोन उचलतात आणि आधी घरच्यांची विचारपूस करून मग बाकीचा विषय काढतात. सॉफ्टवेअरला असला संकोच नसतो. ते भर जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत, दर सोमवारी सकाळी ९ वाजता ‘प्रिय टिंब’ अशी सुरुवात करून तगादा लावते. (एसएमएससाठी मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो, ही दूरसंचार नियामक ‘ट्राय’ची अट असल्यामुळे काही गिऱ्हाइके या तगाद्यातून बचावतात, परंतु व्हॉट्सअ‍ॅपची जोडणी वेगळे पैसे भरून मिळते.) पंधरा वर्षांचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले, की त्याची नोंद ‘निष्क्रिय ग्राहक’ या सुरेख करड्या रंगात दिसते. वहीत असा रंग नव्हता.

आपली माहिती या सॉफ्टवेअरमधून पूर्ण बाहेर काढता येते का, ती कोणत्या स्वरूपात मिळते आणि वर्गणी थांबली तर ती किती दिवस राहते, हे खरेदीपूर्वी विचारणे म्हणजे लग्नाच्या बोलणीत काडीमोडाची चौकशी करणे होय. सभ्य माणसे ते करत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीसंबंधीच्या कायद्याचाही विषय काढू नये. ग्राहकाची माहिती कशासाठी घेतली हे त्याला सांगायचे, तर आधी ते आपल्याला माहीत असावे लागेल.

वर्ष संपताना नूतनीकरणाचा संदेश येईल. तोवर नोंदी भरणारा मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेला असेल आणि मुख्य खात्याचा पासवर्ड त्याच्याच फोनवर असेल. पाचही परवान्यांचे पैसे मुकाट्याने भरावेत. ते कमी करण्याचे बटण त्याच खात्यात असते. अण्णांच्या पंपाची वॉरंटी केव्हा संपते, हे विचारायला कागलहून माणूस आलाच, तर त्याला दिवाणजींकडे पाठवावे.