कप म्हणजे २५० ग्रॅम? पिठाच्या बाबतीत नाही

‘एक कप म्हणजे २५० ग्रॅम, जिन्नस कोणताही असो’ असा तक्ता सध्या फिरतो आहे. पाण्यापुरता तो खरा, कारण २५० मिलिलिटर पाण्याचं वजन जवळपास २५० ग्रॅमच भरतं. मैद्याचं तसं नाही. कणांच्या मध्ये हवा असते, त्यामुळे तोच कप साधारण १२५ ते १३० ग्रॅमवर थांबतो. म्हणजे तक्ता पाहून कपाऐवजी वजन घेतलंत, तर मैदा जवळजवळ दुप्पट पडेल. मग केकची वीट झाली म्हणून ओव्हनला दोष देऊ नका!

बरं, हा आकडाही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. चमच्याने हलकेच भरून सुरीने सपाट केलेला कप आणि पिठात खुपसून भरलेला कप यांत सहज २०-३० ग्रॅमचा फरक पडतो. चाळलेलं पीठ आणखी हलकं. शिवाय अमेरिकी पाककृतींतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५०चा. साखर मात्र कपाला २०० ग्रॅमच्या आसपास.

कृतीत ग्रॅम दिले असतील तर वजनकाटाच वापरा. काटा नसेल, तर पीठ आधी चमच्याने मोकळं करा आणि मगच कप भरा.