खुलासा : औंढ्याची ‘दुर्बीण’ आणि पोस्टडॉकची ‘पक्की नोकरी’

रिसोडकडच्या गावांतल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : औंढा नागनाथला मोठी दुर्बीण बसणार, ‘पोस्टडॉक’च्या कायम जागा निघाल्या, बीएस्सी चालेल, फॉर्मचे ५०० रुपये भरा.

भरू नका.

पोस्टडॉक ही परीक्षा नाही, पदवीही नाही. पीएचडीनंतर साधारण दोन-तीन वर्षांच्या करारावर मिळणारं ते संशोधनाचं काम. मुदत संपली की पुन्हा अर्ज, बरेचदा दुसऱ्या शहरात नाहीतर परदेशात. (सोयरिकीच्या बायोडेटात ‘परमनंट’ लिहिणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.) त्यात मानधन मिळतं, आपल्याला भरावं लागत नाही.

आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होणार आहे ती लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. तिथं डोळा लावून तारे दिसायचे नाहीत. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी, त्यातून लेसर. गुरुत्वीय लहर (कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनेतून अवकाशात उठणारा तरंग) गेली की दोन्ही नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक फरक पडतो, तो मोजायचा. अशी लहर पहिल्यांदा सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या लायगोत. आपल्याकडच्या प्रकल्पाला केंद्रानं २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले, एवढं मात्र मेसेजवाल्यांनी सांगितलं नाही.

बीएस्सीवाल्या पोरापोरींनी आधी एमएस्सी, मग पीएचडीसाठीची नेट किंवा जेस्ट ही परीक्षा बघावी. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था या प्रकल्पात आहे. जाहिरात तिच्या वेबसाइटवर शोधा.