२.५ की ८ मिलिमीटर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचा आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. मेन्सची (घरच्या वीजपुरवठ्याची) बाजू आणि माणसाचा हात लागेल अशी बाजू यांच्यात सर्किट बोर्डवर ८ मिलिमीटर अंतर ठेवा, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, आयईसी ६०६६४ या इन्सुलेशनच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात २५० व्होल्टला २.५ पुरतात, हवा मिलिमीटरमागे ३००० व्होल्ट सोसते, हायपॉट टेस्टही (जास्त व्होल्टेज लावून घेतलेली इन्सुलेशनची चाचणी) पास होते. मग बोर्ड मोठा कशाला करायचा?

तक्ता तोच, रकाना वेगळा. २.५ हा आकडा प्रदूषण श्रेणी २चा, म्हणजे एरवी कोरडी धूळ आणि कधीतरी दव. तोही फक्त बेसिक, म्हणजे एकपदरी इन्सुलेशनचा. साधा एफआर-४ (काचतंतू आणि राळेचा) बोर्ड बहुधा मटेरियल गट ३मध्ये, म्हणजे ओल्या पृष्ठभागावरून लवकर जळणाऱ्यांत येतो. त्याच गटाला श्रेणी ३मध्ये, म्हणजे ओल धरून धूळ वीज वाहू लागते अशा जागी, ४ मिलिमीटर लागतात. पलीकडे हात जाणार असेल तर इन्सुलेशन रीइन्फोर्स्ड (दुहेरीच्या तोडीचं) हवं, म्हणजे क्रीपेज, अर्थात पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर, दुप्पट. चार दुणे आठ. तुमच्या पुण्यातल्या एसी ऑफिसातसुद्धा हा हिशेब ५वर जातो, २.५वर थांबत नाही.

हवेबद्दल मात्र आपलं भांडण नाही. ३०० व्होल्टपर्यंतच्या लाइनवर, घरगुती उपकरणाच्या वर्गात २५०० व्होल्टचा सर्ज (क्षणिक उसळी) धरतात. त्याला क्लिअरन्स, म्हणजे हवेतून सरळ अंतर, १.५ मिलिमीटर, रीइन्फोर्स्डला ३. कोकणात बोर्ड हवेतून फुटत नाहीत हो, पृष्ठभागावरून जळतात.

रत्नागिरीतल्या एका बर्फाच्या कारखान्यातला कंट्रोलर माझ्या टेबलावर आहे. ऑप्टोच्या (दोन बाजूंमध्ये प्रकाशाने सिग्नल नेणाऱ्या चिपच्या) दोन पायांमध्ये झाडाच्या मुळांसारखी फाटे फुटलेली काळी रेघ, तांब्याला हिरवा कीट, सोल्डरभोवती पांढरी पूड. मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड त्याच्याही कितीतरी आधी. बोर्डवर पावसाचा थेंबही पडावा लागत नाही. ओल्या थरातून बारीक करंट वाहतो, थर मधेच सुकतो, तिथे ठिणगी उडते आणि राळेचा कोळसा होतो. कोळसा वीज वाहून नेतो, म्हणून पुढची ठिणगी आणखी आत सरकते. हे चालतं महिनोन् महिने. हायपॉट टेस्ट कोऱ्या, कोरड्या बोर्डवर मिनिटभराची. तिला यातलं काय दिसणार?

खर्चाचा मुद्दा रास्त आहे. जागा वाचवायची तर सीटीआय (पृष्ठभाग अशा जळण्याला किती दाद देत नाही त्याचा आकडा) ६०० किंवा जास्त असलेला लॅमिनेट, म्हणजे बोर्डचा मूळ पत्रा घ्या, ८चे ६.४ होतात. पूर्ण पॉटिंग केलंत, म्हणजे बोर्ड राळेत बुडवलात, तर आत श्रेणी १ (ओल-धुळीचा परिणाम नाही) धरता येते. पृष्ठभागावरची वाट लांबवायला बोर्डमध्ये स्लॉट (खाच) कापायचा असेल तर श्रेणी ३मध्ये किमान १.५ मिलिमीटर रुंद, नाहीतर मापताना तो नसल्यासारखाच धरतात. ब्रशने मारलेल्या लॅकरच्या भरवशावर मात्र मी एक मिलिमीटरही सोडणार नाही. पायांच्या कडेला ते पातळ होतं, आणि रेघ तिथूनच सुरू होते.

ऑप्टो ०.४ इंची पायांचा मागवा. ०.३ इंचवाल्याचे पाय मध्यापासून मध्यापर्यंत ७.६२ मिलिमीटर, त्यातून पॅड वजा केले की ८ बसायचा प्रश्नच येत नाही.