वेल्श भाषा आपल्यासाठी नाही, हे कोणी ठरवलं?

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये एक मेसेज फिरत असतो. नवी मंडळी आली की तो पुन्हा वर येतो. म्हणणं असं: वेल्श ही तिथल्या गोऱ्यांची घरातली भाषा, आपल्याला ती परकीच राहणार, सरकार ती बाहेरच्यांवर लादतं, तिच्या शाळेत मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं आणि घरची मराठीही जाते. मी वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये राहते, माझी मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत आहे. हा मेसेज वाचून शाळेची पायरीही न चढता नकार देणारे आईबाप मी पाहिलेत, म्हणून लिहिते आहे.

आधी लादण्याचं बघू. इथल्या सरकारी शाळांत, अगदी इंग्रजी माध्यमातसुद्धा, सोळाव्या वर्षापर्यंत वेल्श शिकवतात. गोऱ्या मुलाला सूट आणि आपल्या मुलाला सक्ती असं काही नाही. मोठ्यांवर तर बंधनच नाही. ब्रिटिश नागरिकत्वासाठीची भाषेची अट इंग्रजीने पूर्ण होते. मात्र त्या कायद्यात इंग्रजीच्या जोडीला वेल्श आणि स्कॉटिश गेलिक यांचीही नावं आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

‘गोऱ्यांची भाषा’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. वेल्शच्या हक्कांसाठी १९६२पासून लढणारी एक संघटना आहे, कमदेथस अर याइथ. २०२३मध्ये तिचे अध्यक्ष झाले जोसेफ न्याग्बो. हा माणूस आयव्हरी कोस्टमधून जीव वाचवून कार्डिफला आला आणि इथेच वेल्श शिकला. कोळशाच्या व्यापारामुळे सोमाली, येमेनी खलाशी कार्डिफमधल्या ज्या बुटटाउनच्या गोदीपाशी पिढ्यानपिढ्या स्थिरावले, तिथे आज वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. तिथल्या मुलांना ही भाषा कोणाची ते विचारा.

आणि वेल्शला सत्तेची भाषा म्हणणाऱ्यांनी १८४७ आठवावं. इंग्लंडहून वेल्श न येणारे तीन आयुक्त आले, शाळा तपासल्या आणि अहवाल दिला, की ही भाषा लोकांच्या प्रगतीच्या आणि व्यापाराच्या आड येते. वेल्श लोक त्या अहवालाला आजही ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. त्या शतकात वर्गात वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे. ‘ही भाषा शिकून मुलाचं नुकसान होईल’ हे वाक्य तेव्हाचं आहे. आपण ते नव्याने एकमेकांना पाठवतोय, याचं मला वाईट वाटतं.

इंग्रजीची काळजी मलाही होती. वेल्श शाळेत पहिली काही वर्षं जवळजवळ सगळं वेल्शमधून चालतं, साधारण सातव्या वर्षापासून इंग्रजीचे रीतसर धडे सुरू होतात. कार्डिफच्या या शाळांतल्या बहुतेक मुलांच्या घरी वेल्श बोललीच जात नाही, त्यामुळे शिक्षक शून्यापासूनच सुरुवात करतात. शिवाय वेल्श बहुतांशी लिहिली तशीच वाचतात. देवनागरीत वाढलेल्यांना हे इंग्रजीपेक्षा सोपं जातं. राहिली मराठी. ती टिकते घरात बोलली तर. माझ्या ओळखीच्या ज्या घरांतून ती गेली, तिथे मुलांशी आईबापच इंग्रजीत बोलायला लागले होते. वेल्शचा तिथे काहीच संबंध नव्हता.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खोटी नाही: परकं वाटतं. मी दुकानात वेल्शमध्ये विचारते आणि उत्तर इंग्रजीत येतं. समोरच्याने माझा चेहरा पाहून ठरवलेलं असतं, की हिला जमणार नाही. त्यामागे वाईट हेतू नसतो, हे मला कळतं. आपणही मुंबईत बाहेरगावचा माणूस दिसला की लगेच हिंदीवर जातो, आणि मग त्याला मराठी येत नाही म्हणून तक्रार करतो! २०२३मध्ये सेज टॉड्झ या कृष्णवर्णीय रॅपरने सांगितलं, की आपल्या गाण्यांत इंग्रजी जास्त असल्यामुळे राष्ट्रीय आइस्टेडफॉड या वेल्सच्या कला महोत्सवात गाता येणार नाही. तो महोत्सव वेल्शसाठी राखलेला आहे. इंग्रजी सगळीकडे असताना ती एक जागा राखावी, हे मला पटतं. तरी दोन्ही भाषांत जगणाऱ्या तरुणाला दारातून परतावं लागलं, ही गोष्ट मनाला लागतेच.

२०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार निघाले, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. सरकारला २०५०पर्यंत १० लाख हवेत. आश्रय मागणाऱ्यांना शिकवणी मोफत आहे, ते चांगलंच. पण शिकलेलं बोलायला समोर कोणी हवं. म्हणून शेजाऱ्यांना मी सांगते, माझं चुकलं तर दुरुस्त करा, भाषा बदलू नका. आणि आपल्या लोकांना सांगते, अर्ज भरण्याआधी घराजवळच्या वेल्श शाळेत एकदा जाऊन या. एकटं जायला अवघड वाटत असेल तर मी सोबत येते.