‘हात लावायचा नाही, तर पाळायचं कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आहे. खाली दोन ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा नीट उत्तर लिहिते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या सिडनीच्या घरी बटाट्या आला, म्हणजे इथला निळ्या जिभेचा ब्लू-टंग स्किंक, आपल्या सापसुरळीचा जाडजूड भाऊबंद. त्याचा पहिला महिना कसा काढावा यावर मी मागे लिहिलं होतं. पहिले दहा-पंधरा दिवस हात लावू नका, जेवला नाही तर लगेच हाय खाऊ नका, असं त्यात होतं. त्यावर साताऱ्याच्या एका काकांचं म्हणणं असं : आणलेल्या जिवाला कोपऱ्यात टाकून उपाशी ठेवणं हा निर्दयपणा आहे, दिवे-बिवे ही श्रीमंती थेरं, खिडकीतलं ऊन फुकट असतं, कुत्र्याचं डब्यातलं अन्न सरड्याला घालणं म्हणजे कहर, आणि आमच्या परड्यात सापसुरळ्या मोकळ्या हिंडतात, तुम्ही त्यांना खोक्यात घालता. शेवटी खरी मेख : पुण्यातला नातू माझा लेख वाचून हट्टाला पेटला आहे आणि इन्स्टाग्रामवर त्याला विकणाराही सापडला आहे.

आधी त्या ‘उपाशी ठेवण्या’बद्दल, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

कुत्र्याचं पिल्लू घरात आणलं की आपण त्याला मांडीवर घेतो, आणि ते बरोबरच आहे. त्याला ऊब लागते, कळप लागतो. ब्लू-टंगला यातलं काही लागत नाही. ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी पाचपासून पंचवीसपर्यंत. जन्मल्यापासून पिल्लं आपापली स्वतंत्र. आई वळूनही बघत नाही. पुढचं सगळं आयुष्य एकट्याचं. अशा प्राण्याला वरून आलेला हात म्हणजे माया वाटत नाही. वरून येतो तो शिकारी पक्षी, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून तो फुगतो, फुत्कारतो, अंग चपटं करून आडवा होतो. आणि अगदीच निकराची वेळ आली की ती निळी जीभ बाहेर काढतो.

या जिभेबद्दल थोडं विषयांतर करते, कारण मोबाइलवरच्या व्हिडिओंनी तिचं पार हसं करून टाकलंय. सिडनीच्याच मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उत्तरेकडच्या ब्लू-टंगवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. ही जीभ अतिनील प्रकाश परावर्तित करते, आणि तिचा घशाकडचा भाग टोकापेक्षा कितीतरी जास्त उजळ असतो. प्राणी ती पूर्ण पसरून दाखवतो ते हल्ला अगदी अंगावर आल्यावरच, आणि पक्ष्यांना अतिनील दिसतं. म्हणजे समोरच्याला दचकवून एखादा क्षण मिळवायचा, हा शेवटचा डाव. ‘बघा कसा वेडावतोय’ म्हणून हसत ज्याचं चित्रीकरण चाललेलं असतं, त्या बिचाऱ्याला त्या क्षणी आपण मरणार असं वाटत असतं.

तेव्हा हात न लावणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. त्या दिवसांत मी जेवढं बघितलं तेवढं नंतर कधी बघितलं नसेल. बटाट्याच्या पेटीत पहिले दिवस खाली नुसता वर्तमानपत्राचा कागद होता. दिसायला भिकार, पण त्यावर शी कशी झाली, पातळ आहे का, अंगावर माइट्स, म्हणजे गोचिडीसारखे बारीक किडे, आहेत का, हे लगेच कळतं. लपायला एक उलटी कुंडी, फोडून दार केलेली. पाण्याचं पसरट भांडं. तीन बाजूंनी काच झाकलेली, म्हणजे आमची ये-जा त्याला दिसू नये. मी शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि माझं काम करायची. पहिल्यांदा नुसतं नाक कुंडीच्या दारात. मग जीभ, पण ही वेगळी : टोक सुर्रकन बाहेर, हवेत, कागदावर, काचेवर. वास तो जिभेने गोळा करतो आणि टाळूतल्या खास इंद्रियात नेऊन ओळखतो. माझ्या हाताची ओळख व्हायला हात पेटीत पालथा, सपाट ठेवून गप्प बसायचं. त्याने तो जिभेने चाटून तपासला आणि पाठ न फिरवता तिथेच थांबला, तेव्हा पुढची पायरी : खालून, पोटाला पूर्ण आधार देऊन, चारही पाय टेकलेले राहतील असं उचलायचं. तेही थोडाच वेळ आणि जमिनीजवळ बसून. लटकत्या पायांनी उचललं तर तो धडपडणारच.

आता जेवण. काका, तुम्ही लिहिलंत की दहा दिवस पोटात अन्न नाही आणि ही बाई स्वस्थ बसा म्हणते. माणसाच्या पोटाचा हिशेब इथे लागू नाही. आपण आणि कुत्री-मांजरी खाल्लेलं बरंचसं अन्न अंग गरम ठेवण्यात खर्च करतो. सरपटणारा प्राणी ती ऊब बाहेरून घेतो, म्हणून त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्शात त्याचं भागतं. मोठ्या ब्लू-टंगला एरवीही आठवड्यातून एकदा-दोनदाच वाढायचं असतं. शेपूट जाडजूड असली की समजायचं, घरात धान्याची कणगी भरलेली आहे.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. ऊब नसेल तर पचन थांबतं. मायेपोटी गारठलेल्या प्राण्याला कोणी भरवलं तर ते अन्न पोटात कुजतं, मग उलटी होते किंवा त्याहून वाईट काही. म्हणून आधी तापमान, मग ताट. पेटीच्या एका टोकाला ऊन खायची जागा, पृष्ठभागावर ३३ ते ३८ अंश सेल्सिअस. दुसरं टोक २२ ते २५. मधल्या जागेत तो आपला आपण ये-जा करून अंग हवं तसं तापवतो-निववतो. पेटी चार फूट लांब हवी म्हणतात ती यासाठी. छोट्या टाकीत दोन टोकं होतच नाहीत, सगळीकडे एकच भट्टी नाहीतर एकच गारठा. तापमान मोजायचं ते हाताने चाचपून नाही. आणि दुकानात मिळणारे ते गरम होणारे दगड घेऊ नका, पोट भाजतं.

न जेवणाला घाबरायचं कधी, हेही सांगते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून आठवड्याला वजन घ्या आणि लिहून ठेवा. मोठा प्राणी दोन आठवडे जेवला नाही पण वजन टिकून आहे, डोळे तरतरीत आहेत, तर थांबा. वजन घसरतंय, डोळे खोल गेलेत, तोंडात चिकट तारा दिसतात, नाकाशी बुडबुडे येतात, तोंड उघडं टाकून श्वास चाललाय, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे. पिल्लाच्या बाबतीत एवढीही सबुरी नको. पिल्लू आठवडाभर जेवत नसेल तर दाखवाच. जंत आहेत का हे बघायला शीचा नमुना तर पहिल्याच भेटीत न्यावा. याला मी स्वस्थ बसणं म्हणणार नाही.

खिडकीतल्या फुकट उन्हाचं तुमचं म्हणणं ऐकायला रास्त वाटतं, पण मध्ये काच आली की सगळं बिघडतं. हाडांसाठी लागतात ते अतिनील-बी किरण साधी काच जवळजवळ सगळे अडवते. उष्णता मात्र आत येते आणि कोंडते. म्हणजे उन्हात ठेवलेल्या काचेच्या पेटीत प्राणी शिजेल, पण ड जीवनसत्त्व तयार होणार नाही. ते नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. लहान मुलांना मुडदूस होतो तसाच प्रकार. म्हणून पेटीत अतिनील किरण देणारी दिव्याची नळी लावायची, आणि ती उजेड देत असली तरी किरण कमी होत जातात म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलायची. हिवाळ्यात इथे छान ऊन पडतं तेव्हा बटाट्याला आम्ही अंगणात नेतो, काचेशिवाय, सावलीची सोय ठेवून, डोळ्यासमोर. हे ऊन खरंच फुकट, ते तुमचं मान्य.

कुत्र्याच्या अन्नाचं काय एवढं? ब्लू-टंग सर्वभक्षी आहे. रानात गोगलगायी, भुंगेरे, फुलं, फळं, सापडलं तर मेलेलंही खातो. चांगल्या प्रतीचं, कांदा-लसूण नसलेलं डब्यातलं मांस हा त्यातला प्रथिनांचा वाटा, निम्म्याच्या आसपास. बाकी किसलेला लाल भोपळा, गाजर, फरसबी, हिरवा पाला, वर कॅल्शियमची चिमूट. फळ अगदी चवीपुरतं. अॅव्होकॅडो अजिबात नाही, पालक रोज नाही. बागेतल्या गोगलगायी देत नाही, कारण शेजारच्या कोणी गोगलगायींचं विष टाकलं असेल तर ते तिच्या पोटातून याच्या पोटात जातं.

मोकळ्या सापसुरळ्यांवर मात्र मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पेटी म्हणजे पेटीच, तिला महाल म्हणायची माझी इच्छा नाही. सिडनीच्या उपनगरांतल्या बागांतून रानटी ब्लू-टंग राहतात. त्यांना मांजरं, कुत्री, गवत कापायची यंत्रं आणि मोटारी मारतात हे खरं, पण त्यामुळे पेटीत ठेवणं आपोआप पुण्याचं ठरत नाही. बटाट्या पेटीतल्या आईबापांच्या पोटी जन्मला. त्याला बागेत सोडता येत नाही, कायदाही सोडू देत नाही, कारण त्याच्याबरोबर एखादा रोगही रानात जाईल. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, परवाना असल्याशिवाय तो ठेवता येत नाही आणि रानातून उचलणं हा गुन्हा आहे. वीस वर्षं तो सहज जगेल. म्हणजे माझी शाळकरी मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही भोपळा किसायला मीच. (आणि ‘तो’ म्हणते खरी, पण या जातीत नर-मादी नुसतं बघून ओळखणं डॉक्टरांनाही जड जातं. उद्या बटाट्या एकदम डझनभर पिल्लांची आई निघाला नाही म्हणजे मिळवली.)

आता नातवाचं.

विकणारा ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणत असेल तर पहिला प्रश्न हा, की तो आला कुठून. ऑस्ट्रेलिया आपल्या जिवंत सरपटणाऱ्या प्राण्यांची व्यापारी निर्यात होऊच देत नाही. परदेशात पिढ्यान्‌पिढ्या पैदास झालेले असतात, पण तस्करीही भरपूर चालते : पाय चिकटपट्टीने बांधून, मोज्यात कोंबून, टपालाच्या पार्सलात. त्यात ब्लू-टंगचाच चुलत भाऊ शिंगलबॅक फार. अॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९८२ पासून या शिंगलबॅकवर नजर ठेवली, तेव्हा दिसलं की वर्षातले बरेच महिने वेगळे काढून वसंतात तेच दोघं पुन्हा एकत्र येतात, वर्षानुवर्षं. त्यातला एक उचलून पार्सलात घातला की दुसऱ्याचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. बाजारात इंडोनेशियातलेही येतात, त्यांतले बरेच रानातून पकडलेले. त्यांना दमट हवा लागते, म्हणजे माझ्या लेखातला कोरड्या पेटीचा सल्ला त्यांना उपयोगाचा नाही.

भारतात वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ‘साइट्स’ (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करावी लागते. विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला की तिथेच फोन ठेवा. आणि पैसे देण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर घरापासून किती लांब आहे, तेही विचारून घ्या. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साल्मोनेलाचाही विचार करा. दिसायला निरोगी प्राण्याच्या अंगावरही तो असू शकतो, आणि दरवेळी साबणाने हात धुणं हे त्या वयात पाळलं जात नाही. माझं स्पष्ट मत विचाराल तर आत्ता घेऊ नका. अकरा वर्षांच्या मुलाचा हट्ट आणि वीस वर्षांचा प्राणी यांचा मेळ बसत नाही, आणि तो मेळ बसवत बसेल त्याची आई.

सुट्टीत तो साताऱ्याला येतोच, तर तुमच्या परड्यातल्या मोकळ्या सापसुरळ्या त्याला दाखवा. ऊन कोवळं असताना, दगडी गडग्याकडे, लांब बसून. किती वाजता बाहेर येते, अंग तापायला किती वेळ लागतो, मग कुठे जाते, हे त्याने वहीत लिहावं. लाल शेपटीचं बारीक पिल्लू दिसलं तर माझ्यासाठी फोटो काढायला सांगा. पकडू मात्र देऊ नका. घाबरली की शेपूट टाकून पळते, आणि त्या शेपटीत तिची साठवलेली चरबी असते. नवी फुटेपर्यंत तिचे हाल. ‘सापाची मावशी, विषारी असते’ म्हणून कोणी काठी घेऊन धावलं तर त्यालाही सांगा, तिला विष नाही. तुमच्या भाजीतले किडे खाऊनच ती जगते.