नोटिशीखाली सही कोणाची?

मे २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या सॉलिसिटरांवर, म्हणजे तिथल्या वकिलांवर, देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने गारफिल्ड नावाच्या एका फर्मला परवाना दिला. या फर्मचं बरंचसं काम एआय करतं. कुणी तुमचे पैसे बुडवले आणि रक्कम १०,००० पौंडांच्या आत असेल, तर पहिल्या सभ्य तगाद्यापासून ते कोर्टातल्या छोट्या दाव्यापर्यंतचे कागद ती यंत्रणा तयार करते. तगाद्याच्या पत्राचे दोन पौंड. लीड्समध्ये आमच्या ऑफिसात लोकांनी ही बातमी चहा पिता पिता वाचली आणि कामाला लागले. सांगलीला पोचेपर्यंत मात्र तिचं 'इंग्लंडमध्ये आता वकील लागत नाही' असं झालं होतं. विजयनगरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या मामेभावाने ती तशीच मला पाठवली आणि खाली विचारलं, "ताई, खरं काय? मग आम्ही काय बेदाणे विकायचे?"

अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्या फॉरवर्डमध्ये नव्हतं. परवाना देताना अट अशी की या यंत्रणेने निकालांचे दाखले सुचवायचे नाहीत, कारण तिथेच ही मशीनं सर्वांत जास्त थापा मारतात. अशिलाने हो म्हटल्याशिवाय एकही कागद बाहेर जायचा नाही. आणि जे काही बाहेर जाईल त्याला नाव-गाव असलेले सॉलिसिटर जबाबदार, त्यांचा विमा उतरवलेला. म्हणजे वकील गेला नाहीच. टायपिंग गेलं.

माझी नोकरी वकिलांच्या चुकांवर चालते. सांगलीत एलएलबी केलं, थोडी ज्युनियरशिप केली, लग्न होऊन इकडे आले आणि सॉलिसिटरांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत चिकटले. फर्मने मुदत चुकवली, चुकीचा कागद दाखल केला, पक्षकाराचं नुकसान झालं, की ती फाइल आमच्याकडे येते. त्यामुळे सांगलीच्या वकिलांत एआयवरून चाललेल्या वादाकडे मी जरा वेगळ्या खुर्चीतून बघते, हे आधीच सांगून टाकते.

घरचा वाद असा. कोर्टातल्या बार रूममधले ज्येष्ठ वकील म्हणतात, हे यंत्र खोटे निकाल बनवतं, शिवाय ज्युनियर मुलं काही शिकणार नाहीत. तरुण वकील म्हणतात, ई-फायलिंगच्या वेळीही हेच बोलत होतात, आता तुम्हीच आम्हाला फाइल अपलोड करायला सांगता. आणि दोन्हीकडचे लोक शेवटी एकच हुकमी पान टाकतात: परदेशात बघा.

बघूया. जून २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टात डेम व्हिक्टोरिया शार्प यांच्या खंडपीठापुढे दोन प्रकरणं एकत्र आली. एका बेघर माणसाच्या घराच्या अर्जात बॅरिस्टरने पाच असे निकाल दाखवले होते जे कधी झालेच नाहीत. दुसरा दावा कतारच्या एका बँकेविरुद्ध, ८ कोटी ९० लाख पौंडांचा; त्यात ४५ दाखल्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते. आणि या दुसऱ्या प्रकरणातली खरी कमाल अशी की संशोधन वकिलाने केलंच नव्हतं. ते अशिलानेच करून आणलं होतं आणि सॉलिसिटरने न तपासता कोर्टात घातलं. व्हॉट्सॲपवर आलेला निकाल घेऊन "साहेब, हा घाला की आपल्या केसमध्ये" म्हणणारे पक्षकार विजयनगरला नवे नाहीत. साहेब तो घालतात की नाही, एवढाच प्रश्न. लंडनच्या कोर्टाने त्या वकिलांना त्यांच्या नियामकांकडे पाठवलं आणि बजावलं की यापुढे कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते, फारच गंभीर असेल तर प्रकरण पोलिसांकडेही जाईल.

तेव्हा परदेशात सगळं सुरळीत चाललंय हे डोक्यातून काढून टाका. खोटे दाखले इथेही, तिथेही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने प्राप्तिकर खात्याचा एका कंपनीविरुद्धचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निकाल सापडतच नव्हते. तिथे चूक सरकारी खात्याची. हायकोर्टाची पायरी चढावी लागली ती कंपनीला, स्वतःच्या खर्चाने.

आता एक कागद जवळून पाहू. तासगावकडच्या एका बागायतदाराला, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, द्राक्षाच्या व्यापाऱ्याने दिलेला २ लाख ४० हजारांचा चेक परत आला. आमच्या भागात ही दरसालची गोष्ट. बागेत सौदा होतो, चार किलोच्या पेटीचा दर ठरतो, पहिल्या गाडीचे रोख मिळतात, मग उरलेल्याचा चेक, तोही नशीब असेल तर. मामेभावाने एकशे अडतीसची, म्हणजे चेक न वटल्याच्या कलमाखालची, नोटीस फुकटच्या एका चॅटबॉटकडून लिहून घेतली आणि मला दाखवायला पाठवली. भाषा झकास होती. माझ्या सीनियरांनाही इतकी स्वच्छ नोटीस सांगता आली नसती.

पण आत बघा. चेकची रक्कम, त्यावरचं व्याज आणि 'मानसिक त्रासापोटी' असं सगळं एकत्र करून एकच आकडा मागितला होता: ३ लाख १० हजार. चेकची रक्कम वेगळी मागितलेलीच नाही. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये याच मुद्द्यावर एक तक्रार संपवली. तिथे चेक एक कोटीचा होता, नोटिशीत मागणी दोन कोटींची. टायपिंगची चूक झाली, ही सबब चालली नाही. मागणी चेकच्याच रकमेची हवी. दुसरं, फसवणुकीसाठी भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लावलं होतं. व्यवहार २०२५चा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि फसवणूक तिथे कलम ३१८मध्ये आहे. मशीनने वाचलेल्या कागदांत दीडशे वर्षांचं ४२० आणि दोन वर्षांचं ३१८. ते कुणीकडे झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको. तिसरं, शेवटी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल, पक्षकारांची नावं, वर्ष, पान क्रमांक यांसकट. ई-एससीआरवर, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या निकालांच्या ऑनलाइन संग्रहात, शोधला. नाही. नावं मात्र इतकी ओळखीची वाटत होती की मलाही क्षणभर आपणच नीट शोधत नाही असं वाटलं.

नोटीस अजून पोस्टात पडली नव्हती, म्हणून निभावलं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. त्यानंतर एका महिन्यात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर कोर्ट कारण ऐकून माफ करू शकतं. नोटिशीचे ३० दिवस माफ होत नाहीत. चेकच्या तारखेपासूनचे तीन महिने संपलेले नसतील तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो, नाहीतर १३८चा रस्ता बंद. म्हणजे ती झकास भाषेतली नोटीस गेली असती आणि चूक उशिरा लक्षात आली असती, तर अण्णांचे २ लाख ४० हजार मिळवायचा सोपा मार्ग संपला होता.

आणि मग? हा 'मग' आपल्याकडच्या वादात कुणी विचारत नाही.

इथे सॉलिसिटरच्या फर्मला विमा सक्तीचा आहे, फर्मच्या स्वरूपाप्रमाणे किमान २० किंवा ३० लाख पौंडांचा. चूक झाली की अशील आधी फर्मकडे तक्रार करतो. तिथे भागलं नाही तर वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लीगल ओम्बड्समन आहे, तो ५०,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. मोठ्या नुकसानीला कोर्ट आहेच. कागद माणसाने लिहिला की मशीनने, आम्हाला फरक पडत नाही. सही ज्याची त्याची फाइल. अलीकडे काही विमा कंपन्या नूतनीकरणाच्या अर्जात विचारू लागल्या आहेत: एआय कुठे वापरता, तपासतं कोण? या एका प्रश्नाने फर्मांना जितकी शिस्त लागते तितकी दहा परिसंवादांनी लागणार नाही.

आपल्याकडे १४ मे २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. मौज अशी की ते प्रकरणही मुळात २०,००० रुपयांच्या बाउन्स झालेल्या चेकवरूनच सुरू झालं होतं. निकालामागचा विचार मला कळतो. वकील नुसता अशिलाचा नोकर नसतो, तो कोर्टालाही बांधील असतो. पण अशिलाच्या पदरात काय राहिलं? दिवाणी दावा लावा. बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करा. एका वकिलाविरुद्ध त्याच कोर्टात दुसऱ्याचं वकीलपत्र मिळवून दाखवा, मग बोलू. विमा सक्तीचा नाहीच. अशा ठिकाणी मशीन आणलं तर चुका पटापट होणार आणि भरून द्यायला कुणी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. मशीन थापा मारतं की नाही यावर बार रूममध्ये कितीही भांडा.

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ही विलायतेत जाऊन शहाणी झाली. गारफिल्ड इथे का आलं? अनुभवी सॉलिसिटर तासाला अडीचशे-तीनशे पौंड लावतो आणि छोट्या दाव्यात जिंकलात तरी वकिलाचा खर्च सहसा परत मिळत नाही. तीन हजार पौंडांसाठी कोण सॉलिसिटर करणार? लोक पैसे सोडून देतात. २०१२च्या कायद्याने सरकारी खर्चाच्या वकिलाची सोयही बरीच कापली. ती पोकळी मशीन भरतंय. सांगलीत अशी पोकळी नाही. हजार-दोन हजारांत नोटीस पाठवणारा वकील कधीही मिळतो. महिलेला तर, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायचा हक्क १९८७च्या कायद्याने दिलेला आहे. आपल्याकडे अडतं ते नोटिशीच्या पुढे. व्यापारी पत्ता बदलतो, समन्स परत येतं, तारीख पडते, साक्षीदार येतो त्या दिवशी जज्जसाहेब रजेवर. तिथे दोन पौंडांचं पत्र काय करणार?

मशीनचा उपयोग दिसतो तो तारखा सांभाळायला आणि साक्ष लिहून घ्यायला. केरळ हायकोर्टाने १ नोव्हेंबर २०२५पासून खालच्या कोर्टांत साक्षी एआयच्या मदतीने टिपायला सुरुवात केली. त्याच हायकोर्टाने त्याआधी जुलैमध्ये धोरण ठरवून दिलं होतं की निर्णय करायला एआय वापरायचं नाही आणि बाहेरच्या सर्व्हरवर चालणारी चॅटजीपीटीसारखी साधनं टाळायची. हा क्रम मला पटला. आधी कुंपण, मग पेरणी.

त्या कुंपणाची सांगलीत निकड आहे. मामेभावाने नोटीस करून घेताना अण्णांचं आधार कार्ड, बँकेचा मेमो, सातबारा, सगळ्यांचे फोटो त्या चॅटबॉटला दिले होते. उद्या नवरा-बायकोच्या केसमधले दवाखान्याचे कागद असेच जातील. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडायचं नाही हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२मध्ये आहे, आणि फुकटच्या ॲपला दिलेला फोटो कुठे जाऊन बसतो हे आपल्या हातात राहत नाही.

ज्युनियर शिकणार कसे, या काळजीवर फार वेळ घालवत नाही. मी ज्युनियर असताना नकला काढल्या, पुरशिसा लिहिल्या, फायली वाहिल्या, आणि त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ज्यांना मुलांची इतकी कणव येते त्यांनी आधी ते सुरू करावं. खोटा दाखला शोधून काढणं हे शिकवायला तर उत्तम काम आहे.

मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ला सुरू झालं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचे वकील त्यासाठी चाळीसहून जास्त वर्षं भांडले. कोर्टाचं काम बंद ठेवलं, मोर्चे काढले, आणि मागणी काय होती? पक्षकाराला मुंबईचा हेलपाटा पडू नये. ज्या बारने, म्हणजे वकिलांच्या संघटनांनी, पक्षकाराच्या एस.टी. भाड्यासाठी इतकी चिकाटी दाखवली, त्यांना नव्या यंत्राबद्दल बोलताना पक्षकार आठवू नये याचं मला नवल वाटतं.

मी हे सगळं मामेभावाला लिहिलं तेव्हा त्याने एका ओळीत उत्तर दिलं, "विम्याचा हप्ता कोण भरणार?" रास्त आहे. इथे तो फर्म भरते आणि फीमध्ये वसूल करते. सांगलीत एकट्या वकिलाला ते जड जाईल. म्हणून बारने सगळ्यांची मिळून एक ग्रुप पॉलिसी घ्यावी. सक्तीची नको, ज्याला एआय वापरायचंय त्याने त्यात नाव घालावं, आणि नोटिशीच्या ऑफिस कॉपीवर ज्याने ती तपासली त्याने सही करावी. जानेवारीत बागांचे सौदे सुरू होतील, मार्च-एप्रिलमध्ये चेक परत यायला लागतील. त्याआधी निदान एक कोटेशन मागवा म्हटलंय. अर्जातल्या एआयच्या रकान्यात काय लिहायचं ते मी फोनवर सांगेन, रविवारी, तुमच्या दुपारी.