खुलासा : लॉकरमधला ऐवज चोरीला गेला तर बँक हात वर करू शकते का?

सुट्टीत घराला कुलूप लावायची वेळ आली की एक जुना मेसेज पुन्हा फिरू लागतो : 'लॉकरमधले दागिने गेले तर बँक एक पैसाही देत नाही, रिझर्व्ह बँकेनेच तसं सांगितलंय. सोनं घरातच ठेवा.'

हे आता खरं नाही. २०१७ साली माहिती अधिकारातल्या उत्तरांमध्ये बँकांनी जबाबदारी झटकली होती; मेसेजचं मूळ तिथलंच. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना असे हात झटकता येणार नाहीत असं बजावलं आणि रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. चोरी, घरफोडी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते.

उलट टोकाचा 'पूर्ण भरपाई मिळते' हा दावाही चुकीचाच. भाडं ३,००० रुपये असेल तर मर्यादा ३ लाख. आजच्या भावात तेवढ्यात आजीच्या पाटल्या तरी भरून निघतील का, शंकाच आहे! भूकंप, पूर, वीज पडणं यांसारख्या आपत्तीत किंवा ग्राहकाच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तर तेही नाही. बँक ऐवजाचा विमा काढत नाही, तो आपणच वेगळा काढायचा. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या मात्र लॉकरबाहेर ठेवा.